नागम्माच्या चुलीतला विस्तू

नागम्माच्या घरात काडीपेटी नव्हती. गल्लीत इतरांकडेही ती क्वचित असे. पण त्यांना हवी असे आणि मिळत नसे. नागम्माला ती नकोच होती. तिच्या चुलीत विस्तू होता.

गाव येरमाळ्याच्या मावळतीला, घाटाच्या कडेला. गावापुढे ओढा, ओढ्यापलीकडे उघडा माळ. माळ उतरला की निजामाचा मुलूख संपायचा आणि बार्शीकडचा सुरू व्हायचा. गावात लिंगायतांची एक गल्ली होती. त्या गल्लीच्या तोंडाला नागम्माचं घर.

सकाळी बायका गवरीचा तुकडा घेऊन तिच्या दारी येत. नागम्माची लिंगपूजा तोवर उरकलेली असे. कपाळावर विभूतीचे पट्टे ओले असत. ती चुलीपुढे बसून राख हलकेच बाजूला सारी. खाली निखारा लाल असे. तो चिमट्याने उचलून ती बाईच्या गवरीवर ठेवी. काही बायकांना ती चुलीपर्यंत येऊ देई. काहींना उंबऱ्याबाहेर थांबवून वरून निखारा टाकी. तसं करताना तिला कधी काही वाटलं नाही. पण रिकाम्या हाताने तिने कुणालाच परत पाठवलं नाही.

"नागम्मा, तुझी सासू गेली, नवरा गेला," शेजारची कस्तुराबाई म्हणायची, "ह्यो एक काय जाईना बघ."

"त्याला म्या येळच्या येळी खाऊ घालते."

"आन् नवऱ्याला?"

"त्यो भाईर खाऊन यायचा."

बायका हसायच्या. नागम्मा हसायची नाही. निखारा देताना ती हसत नसे.

चुलीला ती दिवसातून तीनदा बघे. सकाळी पूजेनंतर. दुपारी उन्हाची तिरीप उंबऱ्याला टेकली की. आणि दिवेलागणीला. जुना निखारा, त्यावर नवी गवरी, एक फुंकर, मग राख. ताप असला तरी उठायची. तिचा नवरा बंडप्पा वारला त्या दिवशी त्याला भिंतीला टेकवून बसवलं होतं, गळ्यात हार घातला होता, बायका रडत होत्या. उन्हाची तिरीप उंबऱ्याला आली. नागम्मा रडता रडता उठली, आत गेली, गवरी घातली, फुंकर मारली आणि परत येऊन रडायला बसली. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. कुणी म्हणालं, बाई दगडाची आहे. कुणी म्हणालं, म्हणून तर घर उभं राहील.

घर उभं राहिलंही. मुलगा विरुपाक्ष तेव्हा रांगत होता. तिने शेत बटईने लावलं, म्हैस पाळली, पोर वाढवलं. दुधाचं माप चुकलं नाही, म्हशीची वेळ चुकली नाही. लोक तिच्यावर विश्वास ठेवत. कुणाचं सोनं-नाणं ठेवायचं असेल तर तिच्याकडे. कुणाच्या लेकीचं सासर विचारायचं असेल तर तिला. जी बाई चूल विझू देत नाही ती शब्द कसा मोडेल, असा लोकांचा सरळ हिशेब होता.

हा विस्तू तिच्या आजेसासूच्या वेळचा आहे, असं गल्ली मानत होती. तसं नव्हतं. हे फक्त नागम्माला ठाऊक होतं.

ती आळंदकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी धड येत नव्हतं. पहिल्याच वर्षी माहेरच्या आठवणीत एका दुपारी ती परसात बसून राहिली आणि चूल थंड झाली. सासू रुद्रम्मा आली. तिने राखेत हात घातला. कोपरापर्यंत हात राखेत घालून ती बराच वेळ शोधत राहिली. मग तिने सुनेच्या हातात गवरी दिली. "खालच्या गल्लीतून आण. पदराखाली झाकून आण. कुणाला सांगू नको." नागम्माने तो विस्तू पदराखालून आणला. पदराला भोक पडलं. रुद्रम्माने त्या रात्री ते भोक स्वतः शिवून दिलं. पुन्हा दोघी त्यावर कधी बोलल्या नाहीत. रुद्रम्मा मेली ती हे पोटात घेऊन. त्यानंतर मात्र चूल विझली नाही.

लढाईच्या वर्षांत काडीपेटी बाजारातून नाहीशी झाली. घासलेट मिळेना. तेव्हा नागम्माच्या विस्तवाचं मोल सगळ्या गावाला कळलं. एका श्रावणात झड लागली. पाऊस थांबेना, गवऱ्या भिजल्या, एकेक करून घरोघरच्या चुली गेल्या. नागम्माने पावसाळ्याच्या आधीच आतल्या खोलीत गवऱ्या रचून ठेवल्या होत्या, दरवर्षी ठेवायची तशा. त्या झडीत कस्तुराबाईची लेक गजराबाई अडली. पाणी तापवायला विस्तू नागम्माकडून गेला. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गवऱ्यांवर गवऱ्या गेल्या. गजराबाई वाचली, पोरगी वाचली. पोरीला पाचवीला नागम्माच्या चुलीची राख लावली.

तेव्हापासून कस्तुराबाई तिची थट्टा जरा कमी करायची. कमी म्हणजे, दुसऱ्यांसमोर नाही.

रुद्रम्माची एक गोष्ट नागम्मा विरुपाक्षाला लहानपणी सांगायची. गावात गाठीचा रोग आला होता. लोक घरं सोडून शेतात झोपड्या घालून राहिले. रुद्रम्माने चुलीतला विस्तू गाडग्यात घालून नेला. तळाशी राख, मध्ये निखारा, वर गवरीचा चुरा, गाडग्याच्या गळ्याला भोकं. रोग गेल्यावर तो तसाच परत आणला. विरुपाक्ष ही गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायचा. त्याला त्यातलं गाडगं आवडायचं.

विरुपाक्ष मोठा झाला. त्याचं लग्न झालं, उमाबाई घरात आली, तिला मुलगा झाला. त्याला जेमतेम बसता येत होतं तेव्हा ते वर्ष आलं.

सन अठ्ठेचाळीसचा उन्हाळा. गावोगाव टोळ्या फिरत होत्या. टोळी कुणाची हे विचारायला कुणी थांबत नसे. शेजारचं गाव जळलं त्याचा धूर नागम्माच्या अंगणातून दिसला. लोक गाड्या जुंपून बार्शीकडे निघाले. तिकडे छावणी होती. कस्तुराबाईने आपल्या गाडीत उमाबाईला आणि बाळाला घेतलं.

"तूबी चल की गं," ती नागम्माला म्हणाली.

"पुढं व्हा तुमी."

"पुढं व्हा म्हंजे? माघारी काय ऱ्हायलंय हितं?"

नागम्माने चुलीकडे पाहिलं. कस्तुराबाईने कपाळावर हात मारला. गाडी गेली.

विरुपाक्ष त्यांना पोचवायला गेला आणि उत्तरेश्वराला सोबत घेऊन परत आला. उत्तरेश्वर त्याचा लहानपणापासूनचा मित्र, पाटलाच्या भावकीतला. दोघे उजाडता उजाडता घरी पोचले. गाव रिकामं होतं. कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. फक्त एका घरातून धूर येत होता.

नागम्मा पूजेला बसली होती. ती उरकेपर्यंत दोघे ओट्यावर थांबले.

"अव्वा, ऊठ. न्यायला आलोय."

"म्या कुठं न्हाय म्हनती? चुलीचं काय?"

"चुलीचं काय म्हंजे?"

"लोकं परत येतील. विस्तू कुनाच्या दारी मागतील?"

"लोकांची घरं ऱ्हातात का बघ आधी."

ती हलली नाही. विरुपाक्षाने बंडीच्या खिशातून काडीपेटी काढली आणि तिच्यापुढे धरली. "हे बघ. एका काडीत चूल पेटती. पलीकडं घरटी एक वाटत्यात."

नागम्माने काडीपेटीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"कधीपास्नं बिड्या वडतूस?"

उत्तरेश्वर फसकन हसला. विरुपाक्षही हसला. त्या रिकाम्या गावात तेवढाच माणसाचा आवाज.

"त्ये पलीकडं गेल्यावर इचार," विरुपाक्ष म्हणाला. "चपलीनं मार पायजे तर. पर आता चल."

"न्हाय."

तो तिच्याजवळ चुलीपाशी बसला. लहानपणी बसायचा तसा. "आज्जीनं नेला हुता न्हवं गाडग्यात? तसा घे की. तुझा विस्तू तुझ्यासंगं. मग तर झालं?"

नागम्माच्या तोंडावर उजेड पडल्यासारखं झालं. हे तिच्या मनात आलं नव्हतं. आलं असेल तर ते ती कुणाकडून तरी ऐकायला थांबली असेल. ती उठली आणि कामाला लागली.

पण तिचं काम तिच्या रीतीने. गाडगं धुतलं. वाळवलं. गळ्याला खिळ्याने भोकं पाडली. चुलीतला चांगला निखारा निवडायला वेळ लागला. राख चाळून घेतली. चुलीला हात लावून डोकं टेकवलं. उत्तरेश्वर अंगणात येरझाऱ्या घालत होता. "नागम्माकाकू, आवरा की वो," तो दोनदा म्हणाला. ऊन चढण्याआधी माळ ओलांडायचा होता. ते ओढ्यात उतरले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

माळावर घोडेस्वार दिसत होते. लांब होते, पण माळ उघडा. विरुपाक्षाने दोघांना ओढ्याच्या काठच्या निरगुडीच्या दाटीत बसवलं. तो पालथा पडून बघत राहिला.

"जेवायच्या वक्ताला झाडाखाली जात्यात ते," तो कुजबुजला. "कालबी गेले हुते. मग आपुन निघू. तवर गप बसायचं. अव्वा, काईबी करू नको."

"म्या काय करती?" ती म्हणाली.

गाडगं तिच्या मांडीवर होतं. पदरात गवरीचे तुकडे बांधलेले होते. वारा पडला होता. निरगुडीचं पान हलत नव्हतं. ओढ्याचं पाणी आटून शेवाळ वाळलं होतं. उत्तरेश्वराला तहान लागली होती. नागम्मा गाडग्याला हात लावून बसली होती, जसं एखादी झोपलेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवून बसते. ऊब आहे ना, एवढंच ती बघत होती.

ऊन चढत गेलं. झुडपाची सावली आखडत आली. आखडत आखडत ती तिच्या पायाच्या बोटांना येऊन टेकली.

नागम्माने पदराची गाठ सोडली. गवरीचा तुकडा मोडला. गाडग्यातली राख बोटाने सारली, तुकडा ठेवला, वाकली आणि एक फुंकर मारली.

तिने विचार केला नाही. उभ्या आयुष्यात या घटकेला तिने विचार केला नव्हता. हात आपोआप गेला. आणि निखारा लाल होऊन गवरीला धरला तेव्हा तिला बरं वाटलं.

धूर तिने पाहिला नाही. तिची नजर निखाऱ्यावर होती. तो उत्तरेश्वराने पाहिला. पांढरा, सरळ, दोरीसारखा. निरगुडीतून वर निघाला आणि वारा नसल्यामुळे मोडला नाही.

विरुपाक्षाने मान वळवली.

"अव्वा, काय केलंस?"

तो रागावला नव्हता. आवाजही चढला नव्हता. लहान मूल पडल्यावर विचारावं तसं त्याने विचारलं.

उत्तरेश्वराने माती ओढून गाडग्यावर टाकायला हात उचलला. माळावरून घोड्यांचा आवाज सुरू झाला होता. विरुपाक्षाने एकदा तिकडे पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं. मग तो उठला. निरगुडीतून बाहेर पडला आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रातून, उन्हात, खालच्या अंगाला पळत सुटला. त्यांना दिसावं म्हणूनच तो पळाला. पळता पळता त्याने डोक्याचा पटका सोडून हातात घेतला आणि हलवला.

घोडे तिकडे वळले.

उत्तरेश्वराने नागम्माच्या तोंडावर हात दाबून धरला. त्याची गरज नव्हती. ती ओरडली नाही. तिने गाडगं छातीशी धरलं होतं. बार ऐकू आला. अंधार पडल्यावर उत्तरेश्वर तिला माळ ओलांडून पलीकडे घेऊन गेला.

विरुपाक्षाचं प्रेत दुसऱ्या दिवशी गावच्या चार जणांनी माळापलीकडे आणलं. बार्शीकडच्या एका शेतकऱ्याने बांधाजवळची जागा दिली. लिंगायतांत अग्नी देत नाहीत. खड्डा खणला. त्याला बसवलं. हातात त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं. शरणबसप्पा जंगमाने मंत्र म्हटले, बेल वाहिला, विभूती टाकली. मग माती. विस्तवाचं तिथं काही काम नव्हतं. नागम्मा गाडगं घेऊन बाजूला बसली होती. गाडग्याच्या गळ्यातून थोडा थोडा धूर येत होता. तो कुणी पाहिला नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं.

बंडीच्या खिशातली काडीपेटी जंगमाने उमाबाईच्या हातात दिली.

छावणीत पत्र्याच्या लांब पडव्या होत्या. तिथं घरटी काडीपेटी मिळत होती, विरुपाक्षाने सांगितली होती तशीच. नागम्माने गाडगं आपल्या कोपऱ्यात ठेवलं. त्याला ती तीनदा बघायची. कस्तुराबाई पहिल्या दिवशी गवरी घेऊन आली. तिच्याकडे काडीपेटी होती तरी आली. नागम्माने निखारा दिला. दुसऱ्या दिवशी कस्तुराबाई आली नाही. तिच्या सुनेने काडी ओढली होती.

एके दिवशी उमाबाईने उत्तरेश्वराला विचारलं. नागम्मा तिथंच बसली होती.

"भावजी, तुमी लपला हुता म्हनता. मग त्येंना कळलं कसं?"

उत्तरेश्वराने खाली पाहिलं. "कुनास ठाव. नजर पडली आसंल."

"धुरानं कळलं," नागम्मा म्हणाली. "दुपार झाली हुती. म्या गवरी घातली."

उमाबाईने बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. बाकी तिने काही केलं नाही. त्या दिवसापासून ती नागम्माला जेवायला वाढायची, आंघोळीला पाणी द्यायची, आजारी पडली तेव्हा तिचे पाय चेपले. मात्र बाळ तिच्याकडे देईना.

भादव्यात निजामाचं राज्य बुडालं. लोक गाड्या जुंपून परत निघाले. वाटेत पोरं गात होती, माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. नागम्मा गाडीच्या मागच्या कडेला गाडगं घेऊन बसली होती. निरगुडीची दाटी आली तेव्हा तिने मान वळवली नाही. उमाबाईने वळवली.

घराचं दार नव्हतं. गवऱ्यांचा ढीग नव्हता. चूल मात्र जागच्या जागी होती. नागम्मा चुलीपुढे बसली. थंड राखेत तिने हात घातला. कोपरापर्यंत घातला, रुद्रम्माने घातला होता तसा.

उमाबाईने बाळाला खाली ठेवलं. तीन दगड बाहेर अंगणात मांडले, पऱ्हाट्या रचल्या आणि कनवटीला खोचलेल्या त्या काडीपेटीतली काडी ओढली. जाळ झाला. गल्लीत घरोघर तसाच आवाज येत होता. बारीक, खरखरीत. नागम्मा ऐकत होती. कुणी गवरीचा तुकडा घेऊन येत नव्हतं.

संध्याकाळी भाकरी झाल्यावर ती उमाबाईजवळ येऊन बसली. 

"एकदा विझला हुता," मग ती म्हणाली.

"काय?"

"हिथला विस्तू. म्या नवी नवरी हुते तवा. म्याच विझवला. खालच्या गल्लीतून आनला पदराखाली." ती थांबली. "काई झालं न्हवतं. कुनाला कळलंबी न्हाय."

उमाबाईने तिच्याकडे पाहिलं. छावणीतल्या त्या दिवसापासून पहिल्यांदाच सरळ पाहिलं.

"यांना ठाऊक हुतं?"

"न्हाय. त्याला सांगितलं न्हाय."

"का न्हाय सांगितलं, आत्याबाई?"

 बाहेर पऱ्हाट्यांचा जाळ उतरला होता. कुठल्या तरी घरात अजून गाणं चाललं होतं.

"मंग आता विझू द्या," उमाबाई म्हणाली.

"व्हय," नागम्मा म्हणाली. "आता विझू देती."

तिने गाडगं उचललं आणि परसात नेऊन भिंतीकडेला ठेवलं. परत येऊन झोपली. सकाळी पूजा झाल्यावर ती परसाकडे गेली नाही. चुलीपुढेही बसली नाही. ओट्यावर बसून राहिली. कस्तुराबाई जाता जाता थांबली, आत थंड चुलीकडे बघून पुढे गेली.

दुपार झाली. दार नव्हतं, तरी उंबरा होता. उन्हाची तिरीप उंबऱ्याला टेकली.

उमाबाई बाळाला भात भरवत होती. परसात काहीतरी मोडल्याचा आवाज आला. गवरी मोडते तसा. मग एक फुंकर. गाडग्यात राखेखाली अजून काहीतरी शिल्लक होतं.

धूर भिंतीवरून वर आला. त्या दिवशीही वारा पडलेला होता.

उमाबाईने बाळाचं तोंड पुसलं. त्याला कडेवर घेतलं आणि ती कस्तुराबाईच्या घरी जाऊन बसली. धूर विरला तेव्हा परत आली. दुसऱ्या दिवशी दुपारीही तशीच गेली. तिसऱ्या दिवसापासून कस्तुराबाई तिच्यासाठी त्या वेळेला बसायला घोंगडी टाकून ठेवू लागली.